भावना न दुखावल्याचा दाखला

शारजा, ११ जून २०२५

ती. मामांस सुशीलचा नमस्कार.

तुमचं पुस्तक पोचलं. 'कमवा आणि जिंका : गीतेतून लक्ष्मीकडे'. फोन केला तं दामिनी म्हणे, बाबा आता फोनवर मोठ्या गोष्टी बोलत नाहीत, सातव्या धड्यातच लिहिलं आहे, मोठी गोष्ट कागदावर. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवून राहिलो. कागद म्हणजे खिडक्यांच्या पट्ट्या येतात त्या खोक्याचं पुठ्ठं आहे. अक्षर आठवीतलं आहे, शाळा तिथंच सुटली.

खोलीतल्या साऱ्याईनं पुस्तक पाह्यलं. आम्ही चौघं राहतो. अन्सारी चाचा बिहारातल्या गयेकडले, काचा बसवतात. थॉमस केरळचा, स्टोअरात आहे. अन् प्रशिक आपल्या नागपूरचाच, इंदोऱ्याचा, माह्यासंगं कटिंग मशीनवर. मुखपृष्ठावर रथ आहे अन् रथात फळांची टोपली, ते पाहून प्रशिक म्हणे, "हा रथ कॉटन मार्केटले चालला का गा?" मी त्याले चूप बसवलं. पण मामा, मलेबी तेच पुसायचं होतं. आई लहानपणी सांगे, गीतेत आहे, काम कर, फळाचं मनात आणू नको. मंग टोपली कायची?

दुसरं. माह्या पायाले भिंगरी आहे हे तुमी नेहमी म्हणता. बुटीबोरी सोडली, पुणं सोडलं, हैदराबाद सोडलं, आता हे. पण आता खरंच मन लागत नाही. हर्षाताईचं लग्न झाल्यापासून आई पारशिवनीत एकटी आहे. असाच उठून आलो तं गावातले म्हणतीन, पुन्हा पळून आला. नागपुरात काही धरून ठेवण्यासारखं काम असन तं सांगजा. मंग मले ताठ मानेनं येता येईन.

तुमचा,
सुशील


महाल, नागपूर, १९ जून

चि. सुशील यास मधुकररावांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा प्रश्न अज्ञानी असला तरी प्रामाणिक आहे. गीतेत फळाची आशा करू नका असे आहे. फळ आले तर घेऊ नका असे कुठे आहे? टोपली त्यासाठी.

आता मुद्द्याचे. नागपुरातल्या सदर भागातले आपले प्रकाशक रुपराव यांचे म्हणणे पडले की पुस्तक एकाच प्रकारच्या वाचकापाशी अडकले आहे. नागपुरात काय नाही? दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे केवढे स्टॉल लागतात. ताजबागच्या दर्ग्याला बारा महिने माणसे येतात. सदरात चर्च आहे. म्हणून पुस्तक तेच ठेवून, गीतेची धरून चार आवृत्त्या काढायच्या. अंग तेच, सदरा वेगळा. प्रत्येक धड्याच्या शेवटी चौकट आहे, तिच्यातला गीतेचा श्लोक काढायचा आणि त्या त्या धर्मातले वचन बसवायचे.

तुझी खोली म्हणजे आयती सर्वधर्म परिषद आहे. सोबत्यांकडून वचने गोळा कर. धड्यांची नावे सोबत पाठवतो. वचन दोन ओळींचे असावे. त्यात मरण, पाप, नरक, गरिबी नको. नफा असल्यास उत्तम.

दसऱ्यापर्यंत पुस्तके आली तर रुपराव सदरात दुकान उघडणार आहेत. त्यात कोण बसणार? तू! शब्द घेतला आहे. तुझ्या आईलाही कळवले. आता भिंगरी काढून ठेव आणि कामाला लाग.

तुझा हितचिंतक मामा,
मधुकरराव
(लेखक, वक्ते व यशमार्गदर्शक)


शारजा, ५ जुलै

ती. मामांस नमस्कार.

दुकानाचं वाचून मी पुठ्ठं हातात घेऊनच नाचलो. प्रशिक म्हणे, याले लॉटरी लागली का? म्हटलं हाव, सदरातली.

त्या शुक्रवारीच तिघांईले घेऊन बसलो. चहा मी केला, भांडी मी घासली, म्हणजे कोणी उठून नाही जाणार.

पहिले तुमचा तिसरा धडा काढला, 'साहेबापुढे झुका, शिखर गाठा'. अन्सारी चाचांनी दाढीवर हात फिरवला, डोळे मिटले. मले वाटलं आता वचन येते. ते म्हणाले, "बेटा, हमारे यहाँ झुकना एक ही के आगे है। और वो तेरा सुपरवाइज़र नहीं है।" मी म्हटलं, चाचा, दुसरं काही पाहा ना. त्याईनं गावच्या मौलवी साहेबाले फोन लावला. मौलवी साहेब उलटे मलेच पुसत बसले, मामा तब्येतीनं कसे आहेत?

मंग थॉमसले पाचवा धडा दिला, 'श्रीमंती हाच स्वर्ग'. तो खूप वेळ हसला. म्हणे, "सुशील भाई, हमारे में तो उल्टा है। ऊँट सुई का छेद से निकल जाएगा, पैसावाला स्वर्ग में नहीं जाएगा।" मी म्हटलं, सबसे छोटा ऊँट कोणता असते? तो आणखीच हसला.

प्रशिकले पहिला धडा दिला, 'भूक वाढवा'. तो म्हणे, "आमच्याइकडं साऱ्या दुःखाचं मूळ तीच भूक आहे म्हणतात. तुह्या मामाले बीमारी पाहिजे का दवा, एकदा पुसून घे."

मामा, मी काही शिकलेलो नाही. पण तिघांचे धर्म तीन अन् तिघंही तुमच्या पुस्तकाच्या उलट्या बाजूनं उभे, असं मले वाटून राहिलं. धडे थोडे बदलले तं जमन का? दुकानाचं पक्कं ठेवजा.

तुमचा,
सुशील


महाल, १४ जुलै

चि. सुशील यास आशीर्वाद.

शाबास! तू निराश का झालास? एवढा माल पाठवलास! धडे बदलायचे नसतात, वचनांना थोडा हात लावायचा असतो. पाहा,

थॉमस यांचे : 'उंट जात नसेल तर सुई मोठी करा.' हे मला इतके आवडले की त्याच नावाचा नवा धडा केला.

अन्सारी साहेबांचे : 'झुकायचे एकापुढेच.' अत्यंत व्यवहारी. नोकरीत तीन-तीन साहेबांपुढे झुकून माणसाची कंबर जाते. एकच निवडावा, मोठ्यातला.

प्रशिक यांचे 'भूक हे दुःखाचे मूळ' नकारात्मक वाटले. 'भूक योग्य जागी लावा' असे केले.

आतल्या मजकुरातही त्या त्या वाचकाला आपले वाटेल असे शब्द घातले आहेत. दामिनीने टाइप केलेली पाने पाठवत आहे. सोबत्यांना वाचून दाखव. त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

मामा


शारजा, २ ऑगस्ट

ती. मामांस नमस्कार.

पाणी आलं.

अन्सारी चाचांच्या आवृत्तीतला 'हलके पोट, जड खिसा' हा धडा मी हिंदीत करून वाचला. तुमी एकादशीच्या जागी रोजा टाकला, ते बरोबर. पण पुढं जसंच्या तसं राहिलं ना बापा. पहाटे सहरीले साबुदाण्याची खिचडी खावी, कूट भरपूर टाकावं, दिवसभर थोडं थोडं ताक पीत राहावं. चाचा खोकलत खोकलत पलंगावर आडवे झाले. म्हणे, "ताक पी लिया तो रोज़ा किधर रहा रे?" मंग साबुदाणा म्हणजे काय ते मले समजावून सांगावं लागलं. आता त्याईले खायचा आहे.

थॉमसच्या आवृत्तीत लिहिलं आहे, 'रविवारी झोपणारा मागे पडतो, म्हणून रविवारी पहाटे प्रार्थना आटोपून ग्राहकाच्या दारी जा.' थॉमस हसला नाही. म्हणे, देवानं सहा दिवस काम करून सातव्या दिवशी आराम केला, तुझा मामा त्याच्यापेक्षा जास्त काम करते का?

पण मामा, प्रशिकचं वेगळं झालं. त्याच्या पानावर 'नव्या धंद्याची सुरुवात' हा धडा होता. तुमी लिहिलं, 'ग्रह पाहून मुहूर्त काढावा व जवळच्या विहारात सत्यनारायण घालावा.' मी वाचत गेलो, मले ध्यानातच नाही आलं. वाचून झाल्यावर पाहतो तं प्रशिक उभा झाला होता. म्हणे, "माह्या आज्यानं हे सारं दीक्षाभूमीवर सोडलं. सोडलं म्हणून माह्या बापाले शाळा भेटली अन् मले हे नाव भेटलं. अन् तू तिथंच स्टॉल लावून मले हे विकशीन?"

मी म्हटलं, मी नाही गा, मामा.

तो म्हणे, "दुकानात तं तूच बसशीन ना?"

तेव्हापासून आमी मशीनवर संगं असतो, पण तो फक्त मापं बोलते. एवढ्या फुटावर काप, तेवढ्या फुटावर काप. मामा, ते पान काढून टाकजा. तेवढं तरी कराच.

सुशील


महाल, १० ऑगस्ट

सुशीलदादा,

बाबांचं पत्र मागून येईल, ते सध्या भाषणाच्या दौऱ्यावर आहेत, म्हणजे इथलंच, नागपूरला लागून असलेलं वाडी आणि हिंगणा. हे मी माझ्या मनानं लिहिते.

साबुदाणा माझ्या नजरेतून सुटला, माफ कर. बाबा सांगत गेले, मी टाइप करत गेले. मी म्हटलंही, बाबा, एकदा ते ग्रंथ उघडून तर पाहू. तर म्हणाले, ग्रंथ वाचत बसलो तर लिहू केव्हा?

सत्यनारायणाचं पान मी काढलं होतं. बाबांनी परत घातलं, म्हणाले पानं कमी पडतात.

आता खरी गोष्ट. तुझ्या आईनं, आमच्या प्रयागआत्यानं, अख्ख्या पारशिवनीत सांगून टाकलं आहे की सुशील दिवाळीला येतो, सदरात त्याचं पुस्तकांचं दुकान आहे. मागच्या आठवड्यात मी गेले होते तर तुझ्यासाठी म्हणून घराला रंग देऊन राहिली होती, स्वतः शिडीवर चढून. मी ओरडले तर म्हणते, "काही नाही होत वं, दुकानवाला पोरगा येऊन राहिला." तुला ताण द्यायला नाही सांगत. पण तुला माहीत असावं.

आणि रुपरावांचा एक साळा आहे. तो आजकाल फार येतो, दुकानाची जागा पाहायला. एवढंच.

दामिनी


महाल, २४ ऑगस्ट

चि. सुशील यास आशीर्वाद.

काम शेवटच्या टप्प्यात आहे, पण रुपराव ऐनवेळी घाबरले. दिवस असे आहेत की कोणाच्या भावना कुठे दुखतील सांगता येत नाही. त्यांना प्रत्येक आवृत्तीसाठी त्या धर्माच्या एका वाचकाचा दाखला हवा आहे. मजकूर सोबत आहे : 'मी सदर पुस्तक वाचले असून त्याने माझ्या भावना दुखावलेल्या नाहीत, पुढेही दुखावणार नाहीत, उलट माझी प्रगती झालेली आहे.' खाली नाव, सही, गाव. हा पुस्तकाच्या मागच्या पानावर छापायचा.

येथे मी दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिले. लोक चहा पितात आणि उठून जातात. तुझ्या सोबत्यांचे तुझ्यावर प्रेम आहे. त्यांच्या सह्या घे. फोटो चालेल.

सह्या आल्या की छपाई, छपाई झाली की दुकान, दुकान झाले की तू घरी. आता सर्व तुझ्या हातात आहे. पाने तीच राहतील, रुपरावांना जाड पुस्तक हवे असते.

मामा


शारजा, ७ सप्टेंबर

ती. मामांस नमस्कार.

दाखले आणून खोलीत ठेवले. काही लपवलं नाही. दुकानाचं सांगितलं, आई शिडीवर चढली ते सांगितलं, रुपरावबी सांगितले. म्हटलं, तुमच्या मनात नसन तं करू नका.

अन्सारी चाचांनी वाचायलेबी मागितलं नाही. "इससे तू घर जाएगा?" म्हटलं, हाव. "माँ के पास?" म्हटलं, हाव. "ला, कलम दे।" अन् टाकली सही. उर्दूत टाकली, खाली हिंदीत टाकली, म्हणे एक पटली नाही तं दुसरी राहीन.

थॉमसनं चश्मा लावून पूर्ण वाचलं. 'माझी प्रगती झालेली आहे' इथं थांबला. माह्याकडं पाह्यलं, कपाळावर क्रूस केला अन् सही केली. देवाची माफी मागूनच केली असन.

प्रशिक कागद घेऊन बाहेर गेला. मले वाटलं फाडून आणते. लई वेळानं आला. सही होती. म्हणे, "तुह्या मायसाठी करून राहिलो, तुह्या मामासाठी नाही. माहा बाप दसऱ्याले दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते, पुस्तकं घ्यायले. मागच्या पानावर माहं नाव वाचीन तेव्हा त्याले काय सांगायचं, ते तू सांगजो. माह्याच्यानं नाही होणार."

तीन सह्या माह्यापाशी आहेत. पांढऱ्या कागदावर निळ्या शाईत. मी त्या पाठवून नाही राहिलो.

राग धरू नका. ज्या माणसाईनं माह्यासाठी आपलं नाव देऊन टाकलं, त्याईचंच नाव मी दुकानात मांडून बसू का? मले तिथं गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं पाहता येणार नाही. आईले मीच सांगतो.

सुशील


महाल, १३ सप्टेंबर

सुशील,

सह्या झाल्या आहेत म्हणतोस. झाल्याच आहेत, तर मग पाठवायला काय झाले? कागद पाठव. लोक सह्या करत नाहीत हे दुःख मी समजू शकतो, पण झालेल्या सह्या खिशात घालून बसणारा माणूस मी माझ्या एकाही धड्यात पाहिला नाही. रुपराव रोज विचारतात. हॉल ठरला आहे, हार सांगितले आहेत. पाठव. अरे पाठव ना गा बापा!

मामा


महाल, ८ ऑक्टोबर

चि. सुशील यास आशीर्वाद.

तुझ्यावाचून काही अडले नाही, हे कळवण्यास आनंद वाटतो.

दाखले नाहीत म्हटल्यावर रुपरावांनी चारही आवृत्त्यांतली वचने काढून टाकायला लावली. मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी, जेवताना, सुचले. चौकटी तशाच ठेवल्या, रिकाम्या. खाली लिहिले : 'येथे आपल्या धर्मातील आवडते वचन स्वतः लिहावे.' चारऐवजी एकच आवृत्ती. नाव, 'सर्वधर्मीय कमवा आणि जिंका'. रोजे, सत्यनारायण, रविवार सर्व गेले, सगळ्या जागी 'आपापल्या रीतीप्रमाणे' असे घातले.

काय सांगू! लोकांना फार आवडले. एक गृहस्थ म्हणाले, इतके खोल पुस्तक वाचले नव्हते. एका शाळेने तर बक्षिसांसाठी घेतले. रुपरावांचे मत पडले की पुढच्या पुस्तकात धडेही रिकामे ठेवून पाहावे. मी विचार करतो आहे.

दुकानाचे मात्र असे झाले की तुझ्या सह्या वेळेवर न आल्याने रुपरावांचा विश्वास उडाला. तेथे सध्या त्यांचे साळे बसतात. मी पुष्कळ भांडलो. खरे सांगू, तितका भांडलो नाही. तुझ्या आईकडे अजून गेलो नाही. तिला काय सांगायचे ते सुचत नाही. दामिनी माझ्याशी बोलत नाही.

तू आहेस तिथेच मूळ धर, हे माझे अनुभवाचे बोल. पुस्तक पाठवतो. चौकटी भर.

मामा


शारजा, १५ ऑक्टोबर

ती. मामांस सुशीलचा नमस्कार.

पुस्तकाचा पत्ता बदलजा, मी इथं नसन.

तुमचं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचलं. रिकाम्या चौकटीचं आलं तेव्हा थॉमस टाळ्या वाजवून राहिला होता. दुकानाचं आलं तेव्हा त्यानं टाळ्या थांबवल्या. मंग अन्सारी चाचा म्हणाले, "एक बात बता। हम तीनों ने तेरे को घर भेजने को दस्तख़त किया। तूने नहीं भेजा, ठीक किया। पर घर जाने को तेरे को दुकान क्यों लगती है? माँ ने दुकान माँगी थी?"

मी म्हटलं, चाचा, गाव हसन.

"हँसेगा तो हँसेगा। एक हफ़्ता हँसेगा। फिर किसी और पे हँसेगा।"

मी आईले फोन लावला. म्हटलं, आई, दुकान नाही. मले वाटलं आता रडते. तं म्हणे, "हे तुही माय सांगत होती का, दुकान पाहिजे म्हणून? मामा म्हणे, म्हणून मी म्हणे. तू येतो का नाही तेवढं बोल. रंग वाया जाते." मी म्हटलं, येतो. म्हणे, "मंग फोन कायले करतो, पैसे जातात. ये."

दुसऱ्या दिवशी मशीनवर प्रशिक मापं सोडून पहिल्यांदा दुसरं काही बोलला. त्याच्या मोठ्या भावाचं इंदोऱ्यात खिडक्यांच्या फ्रेमांचं छोटं काम आहे, कटिंगले माणूस पाहिजे. म्हणे, "माहा भाऊ कोणाले धड्यात झुकायले लावत नाही, पण आठ वाजता म्हणजे आठ वाजता यावं लागते. तुह्याच्यानं होईन का?" म्हटलं, दोन वर्षं तुह्यासंगं केलं ना. तं तो म्हणे, "ते मी होतो म्हणून." आता पारशिवनीहून पहाटची एसटी पकडून इंदोऱ्यात जात जाईन. शिखर वगैरे नाही दिसत तिकडून. जमते.

मामा, तुमच्यावर राग नाही. तुमी 'तितका भांडलो नाही' हे खरं लिहिलं, ते मले तुमच्या साऱ्या पुस्तकापेक्षा बरं वाटलं. आईकडे जाजा. तिनं तुमच्यासाठीबी पाट मांडला आहे, ती तुमची बहीण आहे, प्रकाशक नाही.

तिन्ही दाखले काल परत ज्याचे त्याले दिले. प्रशिकनं आपला फाडला, थॉमसनंबी फाडला. चाचांनी मात्र मागच्या कोऱ्या बाजूवर साबुदाण्याची खिचडी कशी करायची ते माह्याकडून लिहून घेतलं.

रविवारी दुपारी विमान उतरते. घ्यायले येसान तं या, दामिनीलेबी आणा. पुस्तक मात्र घरीच ठेवजा.

तुमचा भाचा,
सुशील